विंडरमिअरची पाहुणघरे

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, डोंगरांच्या कुशीत विंडरमिअर हे सरोवर पहुडले आहे. साडेदहा मैल लांबीचे हे सरोवर त्या देशातील सर्वांत मोठे. त्याच्या काठच्या गावी करड्या दगडाची दुमजली-तिमजली घरे आहेत आणि त्यांतील कित्येकांच्या फाटकावर एक लहानशी पाटी लटकत असते : ‘बेड अँड ब्रेकफास्ट’. रात्रीची निजण्याची सोय आणि सकाळची न्याहारी, एवढाच तिचा अर्थ. हे हॉटेल नव्हे, धर्मशाळा तर नव्हेच. एका कुटुंबाचे ते राहते घर असते. आपल्याकडे तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या घरी उतरण्याची जुनी वहिवाट होती, तिची येथे आठवण व्हावी; मात्र विंडरमिअरला लोक जातात ते देवाच्या नव्हे, निसर्गाच्या दर्शनास.

ह्या दर्शनाची ओढ अठराव्या शतकातील. १७७८ साली टॉमस वेस्ट ह्या जेझुइट धर्मगुरूने सरोवरांच्या प्रदेशाचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले आणि कोठे उभे राहिले असता कोणते दृश्य उत्तम दिसते, हे नेमके सांगून टाकले. त्या काळचे रसिक प्रवासी एक काळसर आरसा जवळ बाळगीत, सरोवराकडे चक्क पाठ करीत आणि त्याचे प्रतिबिंब आरशात न्याहाळीत! उतरण्यास मात्र खेड्यांतील साध्यासुध्या सरायाच असत.

अशीच एक सराई जवळच्या बटरमिअर सरोवरापाशी होती. सराईवाल्याची मुलगी मेरी रॉबिन्सन पाहुण्यांची ऊठबस करी. १७९२ साली जोसेफ बडवर्थ ह्या प्रवाशाने आपल्या पुस्तकात ह्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या रूपाचे वर्णन केले, आणि सरोवर पाहण्यास येणारे लोक तिला पाहण्यास येऊ लागले. १८०२ साली एका उमराव घराण्यातील कर्नल होप म्हणवणारा गृहस्थ आला; त्याने मेरीशी लग्न केले. तो निघाला जॉन हॅटफील्ड नावाचा ठक, आणि त्याची आधीची बायको हयात होती. पुढच्याच वर्षी बनावट सहीच्या गुन्ह्याबद्दल त्यास कार्लाइल येथे फाशी झाली. मेरीची दुर्दशा वृत्तपत्रांनी छापली, लंडनच्या रंगभूमीने तिचे नाटक केले. पुढे एका शेतकऱ्याशी विवाह करून ती शांतपणे नांदली, हीच त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. येईल त्याला दार उघडावयाचे हा ज्या घराचा धंदा, त्या घरातील माणसांनाही लोक प्रेक्षणीय स्थळ समजू लागतात.

विल्यम वर्ड्‌स्वर्थ ह्या कवीचे ग्रासमिअर येथील घरही पूर्वी सराईच होते. त्याने स्वतःच ह्या प्रदेशाचे मार्गदर्शक लिहिले. ते इतके खपले की एका पाद्र्याने त्यास, आपण याखेरीज आणखी काही लिहिले आहे काय, असे विचारल्याची कथा मॅथ्यू अर्नल्डने नोंदवली आहे. पण १८४४ साली विंडरमिअरपर्यंत आगगाडी आणण्याचे घाटू लागताच हाच कवी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, वृत्तपत्रातून विरोधास उभा राहिला. कारखान्यांतील मजुरांच्या झुंडी येतील, मद्याची दुकाने निघतील, ही त्याची भीती. लोकांना आमंत्रण धाडावे आणि ते येऊ लागले की दाराला कडी घालावी, असाच हा प्रकार झाला. गाडी १८४७ च्या एप्रिलात आली. बर्थवेट नावाची वाडी तिचे शेवटचे स्थानक बनली. तेथे गाव वसले व त्याने सरोवराचेच नाव घेतले.

गाडीबरोबर बिऱ्हाडे आली. प्रारंभी पाहुणे आठवड्याच्या बोलीने खोल्या घेत, शिधा स्वतः आणून देत आणि घरमालकीण तो शिजवून वाढी. कोळसा-दिव्याचे पैसे निराळे. विधवा व अविवाहित स्त्रियांना अब्रूने चालवता येईल असा हा व्यवसाय होता. उन्हाळ्यात चांगल्या खोल्या पाहुण्यांना देऊन घरची मंडळी माळ्यावर किंवा मागल्या खोलीत निजत. १९३८ साली पगारी रजेचा कायदा झाला आणि महायुद्धानंतर मोटारी वाढल्या. तेव्हा आठवड्याऐवजी एका रात्रीचा पाहुणा येऊ लागला. त्यास सकाळी अंडी, डुकराच्या मांसाचे तळलेले काप, भाजलेला पाव, मुरंबा व चहा दिला की तो दिवसभर डोंगरात हिंडावयास मोकळा, आणि घरमालकीणही मोकळी. अर्थात ते मोकळेपण चादरी धुण्यापुरतेच असे.

१९५१ साली हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. आता न्याहारी करणारी मालकीणच नसलेली घरे वाढत आहेत. परगावचे धनिक घर विकत घेतात व किल्ली पाहुण्याच्या हाती देतात. घरांच्या किमती इतक्या चढल्या आहेत की त्या गावात जन्मलेल्या तरुणांना तेथे संसार थाटणे कठीण झाले आहे. हिवाळ्याच्या संध्याकाळी कित्येक खिडक्या काळोख्या असतात. आगगाडीचा मार्ग मात्र १८४७ साली जेथे थांबला, तेथेच आजही संपतो. सरोवर पाहावयाचे तर तेथून पुढे, त्या घरांच्या रांगेतून, उतार चालून जावे लागते.