'शॅल', 'मे' आणि 'मस्ट' : कायद्यातील तीन इंग्रजी क्रियापदांचे बदलते अर्थ

धनादेश न वटल्याच्या खटल्यांना गती यावी म्हणून संसदेने २०१८ मध्ये परक्राम्य संलेख अधिनियमात दोन नवी कलमे घातली. कलम १४३-अ अन्वये खटला चालू असतानाच आरोपीने तक्रारदाराला धनादेशाच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यावी, असा आदेश न्यायालयाला देता येतो. कलम १४८ अन्वये शिक्षेविरुद्ध अपील करणाऱ्याने दंडाच्या अथवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरावी, असे अपील न्यायालयाला सांगता येते. न्यायालयाला हा अधिकार देताना दोन्ही कलमांच्या इंग्रजी पाठात एकच क्रियापद वापरले आहे, ते म्हणजे 'मे'.

तरीही दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एक राहिला नाही. कलम १४८ मधील 'मे' हा सर्वसाधारणपणे 'शॅल' असाच वाचावा आणि रक्कम भरण्यास न सांगणे हा अपवाद समजावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. मार्च २०२४ मध्ये कलम १४३-अ चा प्रश्न आला तेव्हा मात्र तेथील 'मे' हा 'मे'च आहे, न्यायालय आपला विवेक वापरून भरपाई नाकारू शकते, असा निर्णय झाला. कारण समजण्यास अवघड नाही. अपील करणारा दोषी ठरलेला असतो. खटला चालू असलेल्या आरोपीचा दोष अजून सिद्ध व्हायचा असतो. त्याच्यावर सरसकट २० टक्क्यांचा भार टाकणे अन्यायाचे ठरले असते. परंतु हे कारण त्या शब्दात नाही, शब्दाच्या भोवतालच्या परिस्थितीत आहे.

इंग्रजीतील ही छोटी सहायक क्रियापदे आरंभापासून अशीच चंचल आहेत. 'शॅल'चे मूळ जुन्या इंग्रजीतील 'देणे लागणे' या अर्थाच्या धातूत आहे. ऋण आणि दोष या दोन्ही अर्थांचा जर्मन शब्द 'शुल्ड' त्याच कुळातला. 'मे'चा मूळ अर्थ सामर्थ्य असणे हा होता, परवानगीचा अर्थ नंतर आला. 'मस्ट'चा प्रवास तर उलट्या दिशेचा आहे. आज सक्ती दर्शवणारा हा शब्द ज्या क्रियापदाच्या भूतकाळी रूपातून आला, त्याचा अर्थ 'मुभा असणे' असा होता. १६५३ मध्ये जॉन वॉलिस यांनी लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात, प्रथम पुरुषी 'शॅल' आणि अन्य पुरुषी 'विल' आले की केवळ भविष्यकाळ समजावा, असा नियम सांगितला. भारतातील शाळांत अनेक पिढ्यांनी तो तक्त्यासारखा पाठ केला. प्रत्यक्ष बोलीने त्याला फारशी दाद दिली नाही. आज बोलण्यात 'शॅल' उरला आहे तो बहुतेक 'चला, निघायचे का?' अशा प्रश्नांपुरता. त्याचे खरे राज्य आहे ते कायद्यात आणि करारनाम्यात.

तेथे पाठ्यपुस्तकी उत्तर सोपे आहे : 'शॅल' म्हणजे बंधन, 'मे' म्हणजे मुभा. न्यायालये या उत्तरावर कधीच थांबलेली नाहीत. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८८० मध्ये ज्युलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप या खटल्यात, बिशपला चौकशीचा अधिकार देणारी वाक्यरचना 'शॅल'ने सुरू होत असली तरी ती केवळ अधिकार देते, सक्ती करत नाही, असे ठरवले. त्याच वेळी लॉर्ड केर्न्स यांनी दुसरी बाजूही मांडली : कामाचे स्वरूप किंवा ज्यांच्यासाठी अधिकार दिला त्यांची स्थिती अशी असू शकते की अधिकारासोबत कर्तव्यही जोडले जाते. अधिकार आणि कर्तव्य यांची ही सांगड भारतीय न्यायालये आजही उद्धृत करतात.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न लवकरच उभा राहिला. सरकारी कर्मचाऱ्यांवरील शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल, असे संविधानाच्या अनुच्छेद ३२० मध्ये 'शॅल' वापरून म्हटले आहे. उत्तर प्रदेशातील मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या प्रकरणात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद अनिवार्य नसून निदेशात्मक आहे, असा निर्णय दिला. काही बाबतींत सल्ल्याची गरज नाही असे नियमाने ठरवण्याची सोय त्याच अनुच्छेदात आहे आणि आयोगाचा सल्ला सरकारवर बंधनकारकही नाही, हे त्यामागील मुख्य मुद्दे. कारवाईला सामोरे जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने त्या एका शब्दाचे वजन किती कमी झाले, हे सांगायला नको.

सामान्य पक्षकाराला या भेदाची झळ सर्वाधिक बसते ती मुदतींच्या बाबतीत. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि न्यायालयाने मुदत वाढवली तरी ९० दिवसांच्या आत कैफियत द्यावी, असे दिवाणी प्रक्रिया संहिता 'शॅल' वापरून सांगते. तरीही २००५ मध्ये कैलास विरुद्ध नन्हकू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा निदेशात्मक मानली. अपवादात्मक स्थितीत ९० दिवसांनंतरही कैफियत घेता येते. ग्राहक आयोगापुढे मात्र हेच घडत नाही. तेथे उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढीव १५, असे एकूण ४५ दिवस मिळतात. त्यापुढे एकही दिवस वाढवता येणार नाही, असे पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले. ग्राहकाला झटपट दाद मिळावी हाच त्या कायद्याचा हेतू, म्हणून तेथील 'शॅल' कठोर. वाणिज्यिक दाव्यांत मर्यादा १२० दिवसांची. तेथे कायद्याने ती ओलांडल्याचा परिणामही लिहून ठेवला आहे : प्रतिवादीचा कैफियत देण्याचा हक्कच संपतो. त्यामुळे २०१९ मध्ये ती मर्यादा अनिवार्य ठरवताना न्यायालयाला फार अडचण आली नाही.

'शॅल'च्या मागेपुढे कोणता शब्द येतो यानेही अर्थ पालटतो. मूळ संविधानातील अनुच्छेद ४५ ने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची बाब मांडली, पण तेथे राज्य 'प्रयत्न करील' अशी रचना होती आणि मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयातून तिची अंमलबजावणी करून घेता येत नव्हती. दहा वर्षे सरली, पन्नासही सरली. २००२ मधील ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ आणला तेव्हा ६ ते १४ वयोगटासाठी 'प्रयत्न' हा शब्द गळाला आणि शिक्षण मूलभूत हक्कांत आले. त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला.

अमेरिकेतील एका प्रकरणाचा शेवट याहून क्लेशदायक आहे. कोलोरॅडो राज्याच्या कायद्यात, संरक्षण आदेशाचा भंग करणाऱ्याला पोलिस अटक करतील, असे 'शॅल' वापरून म्हटले होते. १९९९ मध्ये कॅसल रॉक गावात विभक्त पतीने असा आदेश मोडून तीन मुलींना नेले. आई पोलिसांकडे वारंवार दाद मागत राहिली. तिन्ही मुलींची हत्या झाली. २००५ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी, पोलिसांच्या विवेकाधिकाराची परंपरा पाहता या 'शॅल'मुळे अटक खऱ्या अर्थाने सक्तीची होत नाही आणि आईला अंमलबजावणीचा घटनात्मक हक्क मिळत नाही, असा निर्णय दिला.

अशा संदिग्धतेमुळे इंग्रजीभाषक देशांतील मसुदाकार 'शॅल'पासून दूर जात आहेत. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांची १ डिसेंबर २००७ पासून लागू झालेली नवी भाषा 'शॅल' टाळून 'मस्ट' वापरते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या कायद्यांतही 'मस्ट' रुळला आहे. भारतात मात्र 'शॅल' कायम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांचे इंग्रजी पाठही त्याच वळणाचे आहेत.

मराठीपुरते पाहिले तर भाषेत छटा भरपूर आहेत : करील, करावे, करता येईल, केलेच पाहिजे. तरीही संविधानाच्या व कायद्यांच्या मराठी पाठांनी 'शॅल'साठी मुख्यतः साधा भविष्यकाळ निवडला आहे. हिंदीतही 'करेगा' आणि 'कर सकेगा' अशीच जोडी आहे. पण 'पाऊस येईल' यातील भविष्यकाळ अंदाज सांगतो आणि 'अधिकारी अहवाल सादर करील' यातील भविष्यकाळ आज्ञा देतो. मूळ शब्दाची दुहेरी प्रकृती अनुवादातही तशीच उतरते. केंद्रीय कायद्यांचे विहित रीतीने प्रसिद्ध झालेले प्रादेशिक अनुवाद १९७३ च्या कायद्यान्वये त्या भाषेतील प्राधिकृत पाठ मानले जातात. सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज मात्र अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते, त्यामुळे वाद तेथवर पोहोचला की 'करील'चा अर्थ 'शॅल'वरूनच ठरतो.