यूरिएज : सहघटकाच्या नोंदीची दुरुस्ती

अनेक एंझाइमांना (सजीवांतील रासायनिक विक्रियांचा वेग वाढविणाऱ्या प्रथिनांना) कार्यासाठी प्रथिनाव्यतिरिक्त धातूचा आयन (विद्युत् भारित अणू) किंवा लहान कार्बनी रेणू लागतो. त्यास सहघटक म्हणतात. एंझाइमांच्या सूचींत विक्रिया व क्रमांक यांबरोबर सहघटकही नोंदवितात. परंतु ज्या प्रयोगांवर ही नोंद आधारलेली असते त्यांच्या मर्यादा तिच्यातही उतरतात. यूरिएज (क्रमांक ३.५.१.५) हे याचे ठळक उदाहरण होय.

यूरिएजामुळे यूरियाचे जलीय विच्छेदन होऊन अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स बॅचेलर सम्नर यांनी १९२६ मध्ये जॅक बीन या अबईच्या प्रजातीतील वनस्पतीच्या बियांच्या पिठापासून ॲसिटोनाच्या विरल विद्रावाच्या साहाय्याने ते वेगळे केले. स्फटिकरूपात मिळालेले हे पहिले एंझाइम होते. एंझाइम म्हणजे प्रथिन नव्हे, प्रथिन हा त्याचा केवळ वाहक होय, असे रिखार्ट व्हिलश्टेटर प्रभृतींचे मत असल्याने सम्नर यांचा निष्कर्ष लगेच मान्य झाला नाही. जे. एच. नॉर्थ्रॉप यांनी १९३० मध्ये पेप्सिनाचे स्फटिक मिळविल्यावर विरोध मावळत गेला व १९४६ मध्ये सम्नर यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. मात्र या वादाच्या ओघात यूरिएज हे सहघटकाविना कार्य करणारे निव्वळ प्रथिन आहे, हा समज रूढ झाला.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात एन. ई. डिक्सन, बी. झर्नर व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये जॅक बीनमधील याच एंझाइमाच्या प्रत्येक क्रियाशील स्थानी निकेलाचे सु. दोन अणू असल्याचे दाखविले. तोवर कोणत्याही एंझाइमात निकेल ज्ञात नव्हते. तसेच ते प्रथिनाशी इतके घट्ट बद्ध असते, की नेहमीच्या शुद्धीकरणात सुटत नाही. त्यामुळे बाहेरून धातू न मिसळताही विक्रिया चालत असे आणि धातूची उणीव कधी जाणवत नसे. क्लेब्सिएल्ला सूक्ष्मजंतूतील यूरिएजाच्या १९९५ मधील क्ष-किरण अभ्यासाने निकेलाच्या दोन अणूंची जोडी प्रत्यक्ष दिसून आली. एंझाइमांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत आता यूरिएजाची नोंद ‘निकेल प्रथिन’ अशी आहे.

ही दुरुस्ती सूचीपुरती राहिली नाही. निकेलाच्या अभावी सोयाबीनच्या पानांच्या टोकांत यूरिया साठून ती मरतात, असे १९८३ मध्ये आढळले व वनस्पतींच्या आवश्यक पोषकद्रव्यांत निकेलाचा विचार होऊ लागला.

तथापि सुधारलेली नोंदही सर्व जीवांना सरसकट लागू पडत नाही. फेरेट या मांसाहारी प्राण्याच्या जठरातील हेलिकोबॅक्टर मस्टेली या सूक्ष्मजंतूत निकेलयुक्त यूरिएजाखेरीज लोहयुक्त यूरिएजही असल्याचे २०११ मध्ये सिद्ध झाले. ऑक्सिजनाच्या संपर्कात ते निष्क्रिय होत असल्याने उघड्या हवेतील नेहमीच्या चाचणीत त्याचा पत्ता लागणे कठीण असते. यास्तव सहघटकाची नोंद करताना एंझाइम कोणत्या जीवापासून मिळविले व कोणत्या परिस्थितीत तपासले, हेही नमूद करणे आवश्यक ठरते.