कुलवृत्तांत

कुलवृत्तांत : एखाद्या कुळाची मूळ पुरुषापासूनची वंशावळ, कुळातील व्यक्तींची माहिती आणि घरात चालत आलेल्या आठवणी यांची लेखी नोंद. महाराष्ट्रात ही नोंद दीर्घकाळ मालमत्तेच्या हक्काला जोडलेली होती. वतने गेल्यावर तो सांधा सुटला. त्यामुळे आता घरच्या आठवणींची तजवीज वेगळी, प्रसंगी मृत्युपत्रातून, करावी लागते.

पूर्वरूपे : देशमुखी, देशपांडेपण, पाटिलकी, कुलकर्ण ही वतने वंशपरंपरेने चालत. भाऊबंदांत तंटा उभा राहिला की दोन्ही पक्ष न्यायनिवाडा करणाऱ्या गोतसभेपुढे आपापला करीना मांडत. मूळ पुरुष कोण, वतन कोणी व कशाबद्दल दिले, कोण लढाईत पडला, कोण दत्तक आला, अशी सारी हकीकत त्यात येई. निवाड्याच्या महजरावर हजर असलेल्यांच्या निशाण्या उमटत. पाटलाचा नांगर आणि शेट्याचा तराजू या त्यांतल्या ओळखीच्या खुणा. घराण्याची गोष्ट हाच हक्काचा पुरावा असल्याने ती नीट सांभाळली जाई. इंग्रजी अमलात १८५२ पासून इनाम कमिशनने इनामदारांकडे पुरावे मागितले, तेव्हा पेटाऱ्यांतले कागदांचे रुमाल पुन्हा सोडावे लागले.

अशा कागदांचे मोल पुढे घराबाहेरही कळले. भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांकडे एक करीना आणि एक शकावली, म्हणजे शकवार घटनांची नोंद, होती. ती शकावली लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म तीत शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी, नोंदलेला आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये हीच तारीख स्वीकारली. वि. का. राजवाडे यांनी घरोघरची दफ्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने असे कागद जमवून जपले. त्र्यंबकेश्वरसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीही वंशावळीच्या कामी येतात. यजमान क्षेत्री आला की तो आपले व आपल्या वाडवडिलांचे नाव तेथे लिहून देतो.

छापील कुलवृत्तांत : विसाव्या शतकात अनेक चित्पावन घराण्यांनी, व पुढे इतरही कुळांनी, मंडळे स्थापून व वर्गणी जमवून कुलवृत्तांत छापले. आरंभी गोत्र, कुलदैवत व मूळ गाव, मग शाखावार वंशवृक्ष आणि शेवटी व्यक्तींच्या नोंदी, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. व्यक्तीच्या नोंदीत जन्म, शिक्षण, व्यवसाय आणि पत्नीचे माहेरचे नाव येते. मुलीची नोंद बहुधा सासरच्या आडनावापाशी थांबते आणि तिची मुले दुसऱ्या कुळाच्या ग्रंथात जातात. जुन्या वंशावळींत तर लेकीसुनांची नावेच नसत, कारण वतन त्यांच्याकडे जात नसे.

वगळलेले वारस : स्त्रियांच्या आठवणी जात्यावरच्या ओव्यांत राहिल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने अशा लाखाहून अधिक ओव्या टिपल्या गेल्या. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून घरातली बाजू ग्रंथात आणली. ज्यांच्या वाट्याला जमीन नव्हे, गावकीचे कष्ट आले, त्यांच्या घराण्याची कथा करीन्यात सापडत नाही. ती दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) सारख्या आत्मकथनांत वाचावी लागते.

सांधा सुटला : परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली, तर पाटिलकीची १९६२ च्या कायद्याने. शाळांतून मोडी लिपीही गेली. घराचा कागद घरच्यांनाच वाचता येईनासा झाला आणि तो वाचण्याची निकडही उरली नाही. बरीच दफ्तरे वाळवीच्या किंवा रद्दीच्या वाट्याला गेली.

मृत्युपत्रातील तजवीज : मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार त्यावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी ऐच्छिक असते. हिंदू पुरुषाचे मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे विधवा, मुलगे, मुली व आई यांना समान हिस्सा मिळतो. पैशाचे असे हिस्से करता येतात; आजोबांच्या रोजनिशीचे करता येत नाहीत. म्हणून रोजनिशी, पत्रे, फोटोंचे अल्बम, ध्वनिफिती यांचा नावानिशी उल्लेख करून त्या कोणाकडे राहाव्यात आणि इतरांना प्रती कशा मिळाव्यात, हे लिहून ठेवणे सोयीचे असते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम २० नुसार अप्रकाशित हस्तलिखित एखाद्याला मृत्युपत्राने दिले, तर वेगळी इच्छा दिसत नसल्यास त्याचा प्रताधिकारही त्यालाच जातो. अप्रकाशित आत्मचरित्र ठेवून जाणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

मोबाइल व मेलमधील साठ्यासाठी गूगलचे ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणि अ‍ॅपलचे ‘लेगसी काँटॅक्ट’ या सोयी आहेत. पासवर्ड मात्र मृत्युपत्रात लिहू नयेत, कारण नोंदणीकृत मृत्युपत्राची नक्कल करणाऱ्याच्या पश्चात कोणालाही अर्ज करून मिळू शकते. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात ठेवून पाकीट कोठे आहे, एवढेच विश्वासातल्या माणसाला सांगावे.

अल्बम कोणाला द्यायचा, हे ठरवायला मृत्युपत्रात एक ओळ पुरते. त्या फोटोंतली माणसे कोण, हे मात्र ती ओळखणारे कोणी हयात असतानाच फोटोच्या पाठीमागे लिहावे लागते.