सतारीच्या नखीची कुळकथा

खंडाळा तालुक्यात लोणंदला माउलींची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा दिंडीदिंडीत गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी दिसतो. त्याचा उजवा हात नीट बघावा. बोटात काही घातलेलं नाही, नखही वाढवलेलं नाही. तार छेडतं ते नुसतं बोट. मिरजेत सतार घ्यायला जा, तिथे मात्र सतारीच्या जोडीला वळवलेल्या पोलादी तारेची एक चिमुकली वस्तू घ्यावीच लागते. ती नखी. वादक तिला मिजराबही म्हणतात.

ही नखी ज्याच्या जागी आली, ते खरं नख आपल्याकडे फार जुनं आहे. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त वीणेवरचे हात सांगितले आहेत. त्यांतला एक ‘नखकर्तरी’: चार बोटांची नखं एकामागून एक, झपाट्याने तारेवर. स्पेनमधले फ्लामेंको गिटारवादक ज्याला रास्गेआदो म्हणतात, तोही जवळपास असाच. दोघांचं नातं जोडायला जाऊ नये. चार नखं आणि एक तार मिळाली की माणसाच्या हाताला हेच सुचत असावं. हे गिटारवादक नखांना जिवापाड जपतात. बारीक कानसेने धार गोल करतात, नख तडकलं तर रेशमाचा तुकडा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने वर बसवतात. तरी त्यांचं निभतं, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर आतड्याच्या तातीच्या जागी नायलॉन आलं, आणि नायलॉन नखाला सोसतं.

पोलाद सोसत नाही. इराणी सेतार आजही तर्जनीच्या नखानेच वाजते, पण तिच्या तारा बारीक आणि आवाज बसल्या खोलीपुरता. आपली सतार भारदस्त होत गेली, तारा ताणल्या गेल्या, वादन लांबलं. तासभर झाला, म्हणजे शेवटचं झपाट्याचं वादन, वाजला की खरं नख झिजून जाईल. माझ्या मते नखीची खरी जन्मकथा एवढीच आहे: तारेने बोटाकडे तिच्याच जातीचं नख मागितलं.

मिरजेत सतार ज्यांच्या हाती गेली, ते मुळात शिकलगार, शस्त्रांना पाणी देणारे, धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीचं काम ओसरलं आणि त्यांच्यातल्याच फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याला नखी लावली तर त्याचा झंकार फाटतो. एकाच कारखान्यातली ही दोन भावंडं, पण बोटाकडून अगदी उलट मागणी करणारी.

नखी जवळून बघितली की तिची करामत कळते. एकच तार, पण ती तर्जनीच्या पेराला दोन्ही बाजूंनी आवळून धरते आणि टोक बोटापुढे काढते. बोट आत ओढलं की ‘दा’, बाहेर ढकललं की ‘रा’. सैल असेल तर द्रुत झाल्यात फिरते, घट्ट असेल तर बोट काळंनिळं पडतं. म्हणून दुकानात चार-सहा घालून, वाजवून बघूनच घ्यावी. डाव्या हाताची नखं मात्र मुळापर्यंत कापलेली हवीत. मींड घेताना तार पडद्यावरून आडवी ओढायची असते, तिथे नख मध्ये आलं तर सूर तुटतो. त्या बोटांवर तारेचे चर पडतात, आणि ते घसरते राहावेत म्हणून सतारियांच्या शेजारी खोबरेलात भिजवलेला कापसाचा बोळा असतो.