क्यू ब्रिजचा मनोरा

मुंबईला विहार, तुळशी आणि तानसाचे पाणी उताराने मिळाले. लंडनच्या मोठ्या भागाच्या नशिबी ते सुख नव्हते. टेम्स शहराच्या सखल भागातून वाहते. तिचे पाणी उंचावरच्या वस्त्यांना पोचवायचे तर ते रात्रंदिवस कोळसा जाळून वर चढवावे लागे.

लंडनला पाणी पुरवणारी ग्रँड जंक्शन कंपनी 1820 पासून चेल्सीजवळ नदीतून पाणी उपसत असे. 1827 साली एका पत्रकाने चव्हाट्यावर आणले की, जिथून पाणी घेतले जाते तिथेच एक मोठे गटार नदीला मिळते. शहर खवळले. कंपनीला नदीच्या वरच्या अंगाला सरकणे भाग पडले आणि 1838 साली क्यू ब्रिजचे पंपगृह सुरू झाले.

इथे 1846 साली बसलेले 90 इंची इंजिन कॉर्निश पद्धतीचे होते. ही पद्धत कॉर्नवॉलच्या तांब्या-कथलाच्या खाणींतली. त्या मुलखात कोळसा नाही. तो वेल्सहून जहाजाने यायचा. त्यामुळे तिथला प्रत्येक खाणमालक मापभर कोळशातून किती पाणी उपसले जाते याचा काटेकोर हिशेब ठेवी. 1811 पासून हे आकडे दरमहा छापले जाऊ लागले. कुणाचे इंजिन सरस हे सगळ्या मुलखाला कळे, आणि त्या चुरशीतूनच कमी कोळशात जास्त काम करणारी इंजिने घडली.

त्यांची युक्ती आजही थक्क करते. वाफ पाण्याला ढकलतच नाही. साडेसात फूट, म्हणजेच 90 इंच, व्यासाच्या सिलिंडरात वाफ दट्ट्या खाली दाबते, त्यासरशी तुळईच्या दुसऱ्या टोकाला टांगलेले प्रचंड वजन उचलले जाते आणि पंपात पाणी शिरते. मग वाफेचा दाब सुटतो, वजन आपल्या भाराने खाली येते आणि तेच पाणी नळात लोटते. एका ठोक्याला 472 गॅलन, म्हणजे दोन हजार लिटरहून जास्त.

धोकाही याच वजनात होता. रस्त्याखालचा मुख्य नळ फुटला की पाण्याचा विरोध एकदम नाहीसा होणार, वजन धाडकन आदळणार आणि इंजिनाचे तुकडे होणार. त्यावरचा उपाय म्हणजे क्यू ब्रिजचा मनोरा. सुमारे 200 फुटांचा हा विटांचा मनोरा 1867 चा. लोक त्याला पाण्याची टाकी समजतात, पण त्यात साठा नाही, उभ्या नळ्या आहेत. पाणी आधी त्यांतून वर चढे, मग शहराकडे उतरे. शहरात काहीही घडो, पंपासमोर पाण्याचा तेवढा स्तंभ कायम राही. ठोक्याठोक्याने येणारे पाणीही संथ होई. भोवतीच्या विटा थंडीत नळ्या गोठू नयेत म्हणून. इतका देखणा मनोरा निव्वळ गरजेपोटी उभा राहावा, हे त्या अभियंत्यांचे खरे मोठेपण.

1852 च्या कायद्याने लंडनच्या कंपन्यांना भरतीच्या टप्प्यातून पाणी घेण्यास बंदी केली. त्यानंतर क्यू ब्रिजला पाणी आणखी वरच्या हॅम्प्टनहून येऊ लागले; ते पुढे ढकलण्याचे काम मात्र इथेच राहिले.

वाफेची इंजिने 1944 साली नित्याच्या कामातून बाजूला झाली, पण भंगारात गेली नाहीत. 1975 साली तिथे संग्रहालय उघडले आणि पुढच्याच वर्षी 90 इंची इंजिन पुन्हा वाफेवर चालले. लंडनला जाणारे मराठी पर्यटक क्यू गार्डन आवर्जून पाहतात. तिथून पूल ओलांडला की हा मनोरा दिसतो. आधी चौकशी करून, तासभर काढून तिथे जरूर जावे.