संमतिवय आणि संततिनियमन

भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून जन्मास आला, तेव्हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात होता. कारखान्याच्या आश्रयाने येथे स्थिरावलेल्या मराठी घरांतून आज तिसरी पिढी वाढत आहे. या पिढीतील सोळा-सतरा वर्षांच्या मुलीस गर्भनिरोधाचे ज्ञान व साधन मागण्याचा कायदेशीर अधिकार आहे काय? प्रश्न नवा भासतो; परंतु त्याची दोन मुळे मुंबईच्या न्यायालयांत सापडतात.

पहिले मूळ रखमाबाईंच्या खटल्यात आहे. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पुढे पतीकडे नांदण्यास नकार दिला. दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये फिर्याद केली, आणि १८८७ मध्ये, नांदावयास जा अथवा तुरुंगवास भोगा, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंगाची तयारी दर्शविली. अखेर प्रकरण तडजोडीने मिटले, आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. या खटल्याने पेटलेल्या वादात १८९० मध्ये कलकत्त्याच्या फुलमणीच्या मृत्यूची भर पडली, आणि १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा झाले. टिळकांनी त्यास विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला. वाद शास्त्राचा व सरकारच्या अधिकाराचा झाला. ज्यांचे वय मोजले जात होते, त्या मुलींचे मत क्वचितच विचारले गेले.

दुसरे मूळ रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या कार्यात आहे. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. दंड टळला नाही. पण विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे हा अपराध होऊ शकतो काय, हा प्रश्न न्यायासनासमोर उभा राहिला तो कायमचाच.

आज ही दोन्ही मुळे एकमेकांत गुंतली आहेत. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने संमतिवय अठरा केले. अत्याचारापासून रक्षण हा त्याचा हेतू निःसंशय स्तुत्य आहे. परंतु अठराखालील मुलीचा स्वेच्छेचा संबंधही त्यामुळे गुन्हा ठरतो, आणि तो कळताच पोलिसांना खबर देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना प्रजनन आरोग्याच्या सल्ल्याचे दार उघडले खरे. पण ज्या दाराशी पोलिसाची छाया पडलेली असते, तेथे कोणती मुलगी जाईल?

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये थोडी वाट काढली. स्वेच्छेच्या संबंधातून गर्भ राहिलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरने पोलिसांना तिचे नाव कळविणे आवश्यक नाही. ही सवलत गर्भपाताच्या संदर्भात दिलेली आहे. म्हणजे संकट ओढवल्यावर गुप्ततेचे आश्वासन मिळते. संकट टाळू पाहणाऱ्या मुलीला मात्र इतके स्पष्ट अभय नाही.

१८९१ मध्ये वय वाढविणे हा सुधारणेचा विजय होता. आज नुसत्या वयाच्या आकड्याने भागणार नाही. रखमाबाईंचा नकार ऐकावयास समाजाला वर्षे लागली. मुलीचा प्रश्न ऐकावयास तेवढी लागू नयेत.