मराठी परक्याला शिकवायची पुस्तकं: कुणी लिहिली, कुणासाठी लिहिली, पैसे कुणी दिले?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. आपल्याकडंही फ्लेक्स लागले, पेढे वाटले गेले. चांगलंच झालं. त्याआधी २०२० साली महाराष्ट्रात कायदा झालाय की कुठल्याही बोर्डाची, कुठल्याही माध्यमाची शाळा असो, मराठी शिकवावीच लागेल. तेही चांगलंच. पण बातमीदाराच्या डोक्यात एक प्रश्न राहतोच. शिकवणार कोण आणि कशाच्या आधारानं?

"त्यात काय एवढं? मराठी येणारा कुणीही शिकवेल," असं वाटतं ना? मग शेजारच्या परप्रांतीय मुलाला एवढं समजावून सांगा. घोडा म्हटलं की 'घोड्याला', मग राजा म्हटलं की 'राज्याला' का नाही? दरवाजा 'तो', खिडकी 'ती', आणि दार 'ते' कसं? दरवाजा आणि दार एकच ना? 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लिहायला एकच, पण दोन्हीतला 'ज' वेगळा. आपण आयुष्यभर बरोबर बोलतो, पण सांगता येत नाही. 'आम्ही जेवायला जातो' आणि 'आपण जेवायला जाऊ' यात पाहुणा उपाशी राहायचा की जेवायचा एवढा फरक आहे, आणि तो शाळेच्या व्याकरणात कुणी आपल्याला शिकवला नाही. गरजच नव्हती. आईनं शिकवला होता.

ज्याची आई मराठी बोलत नाही त्याला हे सगळं नियमानं, क्रमानं, सराव देऊन शिकवावं लागतं. तो वेगळाच धंदा आहे. त्याची हत्यारंही वेगळी: सोप्याकडून अवघडाकडं जाणारे पाठ, नेहमी लागणाऱ्या शब्दांचा कोश, उच्चाराचे नमुने, चुका कुठं होतात याचा अभ्यास. आणि गंमत अशी की मराठीत ही हत्यारं बनवायचं काम जवळजवळ प्रत्येक वेळी बाहेरच्यांनी सुरू केलं. त्यांना गरज होती म्हणून.

सुरुवात गोव्यापासून. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला. 'क्रिस्तपुराण' लिहिणारा तोच. त्यानं कोकणीचं व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिलं. ते छापलं गेलं १६४० साली, रायतूरला, त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी. हेतू साधा: नव्यानं येणाऱ्या पाद्र्यांना लोकांशी बोलता यावं. पैसा चर्चचा.

मग विल्यम केरी. हा बंगालात, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला (आपलं नगरचं नव्हे). तिथं बसून त्यानं १८०५ साली मराठीचं व्याकरण इंग्रजीत छापलं आणि त्याला रोजच्या विषयांवरचे संवाद जोडले. १८१० साली कोश काढला, तोही मोडी अक्षरांत. मदतीला वैजनाथ शर्मा, नागपूरकडचे पंडित. केरी तेव्हा फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या कोवळ्या साहेबांना भाषा शिकवत होता. म्हणजे पेशवाई अजून शाबूत होती, तेव्हाच पुढच्या कारभाराची भाषा शिकायचं पुस्तक तयार झालं होतं. हे वाचताना मला दरवेळी थोडं अस्वस्थ व्हायला होतं. आपल्याकडं लढाईची तयारी म्हणजे तोफा. त्यांच्याकडं व्याकरणसुद्धा.

आता मोल्सवर्थ. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला पोरसवदा अधिकारी. सोलापूरला असताना त्यानं मराठी शब्द टिपायला घेतले. पुढं सरकारनं त्याला रीतसर कोशाचंच काम दिलं. सोबत जॉर्ज आणि थॉमस हे कँडी बंधू आणि शास्त्री-पंडितांची एक तुकडीच. या शास्त्रीमंडळींनी आधी मराठीचा मराठीत कोश केला, तो १८२९ चा. जगन्नाथशास्त्री क्रमवंत हे त्यातलं एक नाव. त्या पायावर १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उभा राहिला, साधारण पंचवीस हजार शब्दांचा. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते साठ हजारांच्या घरात गेले.

त्या कोशात नुसते पोथीतले शब्द नाहीत. शेतातले, बाजारातले, शिव्यांच्या जवळपास जाणारे, म्हणी, वाक्प्रचार, सगळं आहे. शब्द पंडितांच्या तोंडून आले आणि पंडितांना सांगणारे लोक खेड्यापाड्यातले. आज आपल्या आजीचा एखादा शब्द कुठंच सापडला नाही तर तो मोल्सवर्थमध्ये सापडतो, हा माझा स्वतःचा बातमीदारीतला अनुभव आहे. फौजदारी निकालपत्रांतले जुने शब्द मी तिथंच शोधतो. पण हे विसरू नका की तो कोश तुमच्या-माझ्यासाठी नव्हता. साहेबाला भाषेची परीक्षा पास व्हायची होती, रयतेचा अर्ज वाचायचा होता. आपण त्याचे फुकटचे वारसदार.

उलट बाजूनंही काम झालं. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ चं. आणि आपल्या आज्या-पणज्यांनी इंग्रजी शिकली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. 'तर्खडकरी इंग्रजी' हा शब्दच पडला त्यावरून. छोटी वाक्यं, नियम, पुन्हा वाक्यं. चेष्टा खूप झाली तिची, पण पाठमाला हे खरंखुरं दुसऱ्या भाषेचं साधन होतं आणि ते मराठी माणसानं मराठी माणसासाठी बनवलं होतं. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. इंग्रजी शिकायची निकड होती, म्हणून जमलं. मराठी दुसऱ्याला शिकवायची निकड आपल्याला कधी वाटली नाही. गणपतराव नवलकरांचं १८६८ चं इंग्रजीतलं मराठी व्याकरण हा मोठा अपवाद, त्याच्या पुढं आवृत्त्याही निघाल्या.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती एका तालुक्याच्या गावात घडली.

४ ऑक्टोबर १९५७ ला रशियानं स्पुटनिक सोडला. अमेरिकेला धडकी भरली. आपण विज्ञानात मागं पडलो आणि जगाच्या भाषाही आपल्याला येत नाहीत, म्हणून १९५८ साली त्यांनी संरक्षणाच्या नावानं शिक्षणाचा कायदा केला. त्यातून विद्यापीठांना परक्या भाषा शिकवायला पैसा मिळाला. त्यात दक्षिण आशियाच्या भाषा आल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ या कामात पुढं होतं.

त्या विद्यापीठाची एक विद्यार्थिनी मॅक्सीन बर्न्टसेन. १९६० च्या दशकात भारतात आलेली, मराठी शिकलेली. पीएचडीसाठी तिनं पुणं-मुंबई सोडून फलटण निवडलं. विषय होता फलटणच्या बोलण्यातले फरक. कोण 'पाणी' म्हणतं, कोण 'पानी', कुठल्या घरात, किती शिकलेला, कुणाशी बोलताना. आपण ज्याला 'अशुद्ध' म्हणून हसतो, त्याचा तिनं शास्त्रानं अभ्यास केला.

आणि फलटणमध्येच तिला जोडीदारीण मिळाली, जाई निंबकर. इरावती कर्व्यांची लेक, फलटणच्या निंबकरांची सून, स्वतः इंग्रजीत कादंबऱ्या लिहिणारी. या दोघींनी मिळून मराठी शिकणाऱ्या परक्यांसाठी साधनं बनवली. नेहमी लागणाऱ्या शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश आणि मराठीचं संदर्भ-व्याकरण ही दोन्ही १९७५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून निघाली. पुढं 'इंटेन्सिव्ह कोर्स'चं पाठ्यपुस्तकही आलं. पुण्यात येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना बर्न्टसेनबाई मराठी शिकवतही होत्या.

मोल्सवर्थ आणि शास्त्रीमंडळी, केरी आणि वैजनाथ शर्मा, बर्न्टसेन आणि निंबकर. दर वेळी जोडी तशीच. एकाला भाषा बाहेरून ऐकू येते, म्हणून 'हे असं का?' विचारायचं सुचतं. दुसऱ्याला आतून येते, म्हणून उत्तर पडताळून पाहता येतं. एकट्यादुकट्याचं हे काम नाही आणि दोन महिन्यांत उरकायचंही नाही. मोल्सवर्थला दुसऱ्या आवृत्तीपर्यंत तीस-पस्तीस वर्षं लागली.

बर्न्टसेनबाई परत गेल्या नाहीत. भारताचं नागरिकत्व घेतलं, फलटणच्या दलित वस्तीतल्या, शाळेनं सोडून दिलेल्या पोरांना वाचायला शिकवायला लागल्या. १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली, मग कमला निंबकर बालभवन. म्हणजे जे ज्ञान अमेरिकेच्या पोरांसाठी गोळा झालं ते फलटणच्या पोरांच्या कामी आलं. क-ख-ग च्या ओळीनं न जाता ज्या अक्षरांतून पटकन शब्द होतात ती आधी घ्यायची, ही साधी युक्ती. घरात 'पानी' म्हणणाऱ्या पोराला पुस्तकातली भाषा हीसुद्धा अर्धी परकीच असते. हे ज्याला कळतं तो पोराला ओरडत नाही.

आता आजचं बोलू. २०११ च्या जनगणनेत देशात ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी मातृभाषा सांगितली. पण महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ६९ टक्केच आहे. म्हणजे दहातल्या तीन जणांच्या घरात दुसरी भाषा. त्यात उत्तरेतून आलेले आहेत, गुजराती, उर्दू, कन्नड, तेलुगू बोलणारे आहेत, आणि आपल्याच मातीतले गोंडी, कोरकू, भिल्ली बोलणारे आहेत. धारणीच्या कोरकू पोराची भाषा तर मराठीच्या कुळातलीच नाही. तिचं नातं झारखंडच्या मुंडारीशी, संथाळीशी. त्या पोराला पहिलीत आपण मातृभाषा मराठी असलेल्याचं पुस्तक देतो आणि वर्षाअखेरीस 'मागे पडला' असा शेरा मारतो. इंग्रजी शाळेतल्या व्यापाऱ्याच्या पोरापेक्षा या पोरासाठी मराठी शिकवण्याचं शास्त्र जास्त गरजेचं आहे, हे माझं स्पष्ट मत.

काहीच नाही असंही नाही. बालभारतीची 'सुलभभारती' अमराठी माध्यमांसाठीच आहे, वरच्या वर्गांना 'अक्षरभारती'. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेचं पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात केंद्र आहे, तिथं दुसऱ्या राज्यांतले शिक्षक दहा महिने राहून मराठी शिकतात. मुंबई विद्यापीठात प्रौढ अमराठी लोकांसाठी 'माय मराठी' अभ्यासक्रम तयार झाला. कुणी केला माहितीय? जर्मन विभागानं. परकी भाषा कशी शिकवतात हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. मराठी विभागांनी यावर विचार करायला हरकत नाही.

पण पुस्तक मुलाच्या हातात असतं. शिक्षकाच्या हातात काय? डी.एड. करताना मराठी शिकवायला शिकवतात ते मराठी घरातल्या मुलाला.

आमच्या तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या वर्गात निम्मी पोरं तांड्यावरची, चार-पाच वीटभट्टीवरची हिंदी बोलणारी. तिथल्या बाईंनी स्वतः एक दोनशे पानी वही केलीय. डावीकडं गोरमाटी, मध्ये हिंदी, उजवीकडं मराठी. याडी, माँ, आई. बाटी, रोटी, भाकरी. पोरं कुठल्या शब्दाला अडखळतात तिथं लाल खूण. 'ते दार' कुणालाच जमत नाही, तिथं तीन लाल खुणा. मोबाइलवर तांड्यातल्या म्हातारीचे आवाज रेकॉर्ड केलेत. संशोधन म्हणजे आणखी काय असतं? पण या वहीला कुठल्या कार्यालयात जागा नाही. बाईंची बदली झाली की वही त्यांच्या पिशवीतून जाणार आणि नव्या गुरुजींनी पुन्हा 'याडी'पासून सुरुवात करायची.

चर्चनं पैसे दिले, कंपनीनं दिले, अमेरिकेनं दिले. आता गरज आपली आहे. अभिजात दर्जाच्या नावानं जे काही येईल त्यातलं ताम्रपटांना जाऊ दे, जरूर जाऊ दे. पण दोन बायका आणि एक टेपरेकॉर्डर एवढ्यावर फलटणला जे झालं, तेवढं प्रत्येक जिल्ह्यात एका भाषेसाठी करायला किती लागेल, याचा हिशेब आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हवा. मी पुढच्या जनता दरबारात विचारणार आहे. उत्तर मिळालं तर इथंच टाकीन.

तोवर शिक्षक मित्रांसाठी: शिकागो विद्यापीठानं दक्षिण आशियाई भाषांचे कोश इंटरनेटवर फुकट ठेवलेत. मोल्सवर्थ आहे, बर्न्टसेनबाईंचा छोटा कोश आहे, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे-फेल्डहाउसांचा जुन्या मराठीचाही आहे. मोबाइलवर उघडतात, देवनागरीत शब्द टाकता येतो. आणि तुमच्यापैकी कुणाकडं त्या बाईंसारखी वही असेल, गोरमाटी, पारधी, वडारी, कैकाडी, कुठल्याही भाषेची, तर मला इनबॉक्स करा. मी येऊन पानपान फोटो काढतो. नाव टाकायचं की नाही ते तुम्ही ठरवा.